अनीसचा गुस्ल

चँडलर, ॲरिझोना
शनिवार, १४ जून २०२५

प्रिय नसीमआपा,

अस्सलामु अलैकुम. आज पहाटे उठलो, नमाज पढलो. चहा झाल्यावर अनीसची खोली रिकामी करायला घेतली. कपडे दोन बॅगांत बसले, पुस्तकं एका खोक्यात. साडेदहाला घरमालकांच्या ऑफिसातली बाई एका मुलाला खोली दाखवायला घेऊन आली. बाराच्या सुमारास उत्तरामावशी डबा देऊन गेल्या. बाहेर त्रेचाळीस अंश होतं, म्हणून मशिदीत न जाता जुहर घरीच पढलो. आता तीन वाजलेत आणि मी लिहायला बसलो आहे.

तुझा सकाळचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पंचवीस तारखेला अनीसचा चाळिसावा आहे. कुराणखानी झाल्यावर मौलाना दुआ मागतील तेव्हा माझंही नाव घ्यायला तू त्यांना सांगितलं आहेस, कारण परमुलखात तुझ्या भावाला शेवटच्या आंघोळीचा गुस्ल माझ्या हातून मिळाला. मोहल्ल्यात सगळ्यांना तू हे सांगितलं आहेस. बायका माझ्या अम्माकडे येऊन तिचा हात हातात घेतात, असंही म्हणालीस. मी उत्तरात नुसतं 'बरं' लिहिलं. त्या दुआच्या आधी हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायला हवं. पोस्टाने तीन आठवडे लागतील, म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतो. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला चौथीपासून माहीत आहे. तेव्हाही वर्गात शिकवताना तू मला फळ्यापुढे उभं न करता पाटीवर लिहून दाखवायला सांगायचीस.

खोली बघायला आलेला मुलगा टेक्ससचा होता. त्याने मला विचारलं, आधीचा मुलगा कुठे गेला. मी म्हटलं, वारला. त्याने फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, याच खोलीत का? नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. मग त्याने खिशातून टेप काढून अनीसची गादी होती तिथे आपला पलंग मावेल का ते मोजलं. मी तिथेच जमिनीवर बसून बॅगेची चेन लावत होतो. बॅगेला ओलांडून जातात तसा तो मला ओलांडून गेला. त्याच्या हातातली टेप हिसकावून घ्यावीशी वाटली. प्रत्यक्षात मी त्याला एवढंच सांगितलं की बाथरूमचा दरवाजा जरा ओढून लावावा लागतो.

आपा, मला या देशाचा वीट आला आहे. हे आजचं नाही. पहिल्या वर्षी आम्ही दोघं युनिव्हर्सिटीच्या मेसमध्ये भांड्यांच्या खोलीत काम करायचो. अनीसने तुला 'कँपसवर जॉब लागला' एवढंच सांगितलं होतं. सरकत्या पट्ट्यावरून ताटं यायची. एक घास खाऊन टाकलेलं चिकन, अख्खा पिझ्झा, सोलून तसंच ठेवलेलं संत्रं. डुकराच्या मांसाचे तुकडे खरवडून काढावे लागायचे. हातमोजे असायचे, तरी घरी आल्यावर मी कोपरापर्यंत हात घासत बसायचो. अनीसला त्याचं हसू यायचं. त्याचा जीव तुटायचा तो फेकलेल्या भातासाठी. एकदा त्याने दह्याचे न उघडलेले डबे बाजूला काढून ठेवले, बसस्टॉपवर झोपणाऱ्या एका म्हाताऱ्याला द्यायचे म्हणून. सुपरवायझरने त्याच्यासमोर ते एकेक करून कचऱ्यात टाकले आणि समजावलं की कुणी आजारी पडलं तर युनिव्हर्सिटीवर केस होईल. आवाज चढवला नाही. हसून टाकले. इथे सगळं असंच हसून होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते. तिची लेक याच गावात, गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. लेक येते ती आधी फोनवर वेळ ठरवून. एकदा ती न कळवता आली तर म्हातारीनेच दारात उभं राहून विचारलं, आजचं ठरलं होतं का आपलं? मी जिन्यात होतो. वर येऊन अनीसला सांगितलं तर तो म्हणाला, "काझीसाहेब, आज कुणाकुणाला जहन्नमला धाडलंत, यादी द्या." तो मला काझीसाहेब म्हणायचा. मी इथल्या लोकांच्या कपड्यांवर बोललो, कुत्र्यांना बाबागाडीत बसवून फिरवतात त्यावर बोललो, की त्याचं हे सुरू व्हायचं. तो सगळ्यांत मिसळायचा. लॅबमधली मुलं त्याला कुठेकुठे घेऊन जायची, तो जायचा, स्वतःचं पाणी प्यायचा आणि परत यायचा. मी कुठे गेलो नाही. दोन वर्षांत मी एकाही अमेरिकन माणसाच्या घरी गेलो नाही, हे मी अभिमानाने सांगायचो.

सतरा मेचं मी तुला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं, सलग कधी सांगितलं नाही. त्या आठवड्यात पदवीदान झालं होतं. गाऊनमधला तो फोटो तुझ्याकडे आहे. लॅबमधल्या तिघांनी शनिवारी डोंगरावर जायचं ठरवलं. अनीसने मला चल म्हटलं. मी विचारलं, त्यांच्या बर्फाच्या डब्यात बिअर असणार ना? तो म्हणाला, "बिअर डब्यात असेल, तुझ्या पोटात थोडीच असणार आहे." मी गेलो नाही. ते नऊला चढायला लागले. मे महिन्यात इथे नऊ म्हणजे उशीर, हे इथे वाढलेल्या त्या मुलांना माहीत असायला हवं होतं. अर्ध्यावर अनीसला गरगरायला लागलं. तो एका खडकाच्या सावलीत बसला. पुढचं मला त्या तिघांतल्या ब्रेटने सांगितलं, आमच्याच सोफ्यावर बसून. त्यांनी विचारलं, ठीक आहेस ना? अनीस म्हणाला, "आय'म गुड, तुम्ही जाऊन या." त्यांनी त्याच्याजवळ पाण्याची बाटली ठेवली आणि ते वर गेले. वर फोटो काढले. पाऊण तासाने उतरले तेव्हा तो सावलीत नव्हता. वाट सोडून थोडा खाली, उन्हात पडला होता.

ब्रेट रडत होता. पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तो म्हणाला की तो ठीक आहे." त्याच्या निर्णयाचा आम्ही मान ठेवला, असंही म्हणाला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आपा, तुझ्या घरी पाहुण्याने 'नको' म्हटलं तर तू तिसऱ्यांदा वाढून झाल्यावर थांबतेस. आपल्याकडे 'मी ठीक आहे' हे पहिल्या खेपेला कुणी खरं धरतं का? अनीस त्यातच वाढला. दुसऱ्याचा खोळंबा नको म्हणून आधी ठीक आहे म्हणायचं, समोरच्याने पुन्हा विचारलं की मग खरं सांगायचं. आपल्या दाभोळच्या जेट्टीवर त्याच्या पायात गळ घुसला होता तेव्हाही तो आधी काही नाही म्हणाला होता आणि तू त्याचा पाय ओढून बघितला होतास. त्या खडकाखाली त्याने पुन्हा विचारण्याची वाट बघितली असणार. इथे कुणी पुन्हा विचारत नाही. एकदा विचारलं की त्यांचं कर्तव्य संपतं.

सोमवारी डिपार्टमेंटने शोकसभा ठेवली. मेणबत्त्या होत्या आणि पिझ्झा होता, त्यातला निम्मा डुकराच्या मांसाचा. दुःखात असलेल्या विद्यार्थ्यांना बरं वाटावं म्हणून एक शिकवलेला कुत्रा आणला होता, लोक रांगेने त्याला कुरवाळत होते. समुपदेशक बाईंनी सगळ्यांना अनीसची एकेक मजेशीर आठवण सांगायला सांगितली. लोकांनी सांगितल्या. हशा झाला. एका मुलीने त्याचं कार्टून काढून त्याचे स्टिकर छापून आणले होते. ते तिने मलाही दिले, लॅपटॉपवर लावायला. आणि त्या वेळी अनीस सरकारी शवागारात होता. अचानक गेलेला माणूस, म्हणून तपासणी केल्याशिवाय देत नाहीत. आपल्याकडे सकाळी गेलेला माणूस असरच्या नमाजापर्यंत मातीत असतो. इथे तिसरा दिवस उजाडला तरी तो थंड खणात होता आणि मी हातात स्टिकर घेऊन उभा होतो. शिसारी आली. घरी येऊन ते फाडले.

त्याच दिवशी तुझा फोन आला. अब्बांना लकव्यामुळे बोलता येत नाही, म्हणून निर्णय तुझ्यावर होता. मी तुला सांगितलं की दाभोळला पाठवायचं तर शरीर टिकवायला औषधं भरावी लागतील आणि दहा दिवस तरी जातील, इमाम म्हणतात इथेच दफन करा. तू म्हणालीस, "इथे अम्माच्या शेजारी जागा होती. पण ठीक आहे, तिथेच करा. एकच सांगते, मुबीन, परक्याच्या हाताने नको. गुस्ल तू दे." मी हो म्हटलं. तू दुसरं काहीच मागितलं नाहीस. ना कबरीचा दगड, ना त्याचं सामान.

मंगळवारी त्याला मयतीची व्यवस्था करणाऱ्या कंपनीकडे दिलं. मला काहीच कळत नव्हतं, म्हणून उत्तरामावशी गाडी काढून आल्या. त्या मूळ नागपूरच्या, इथे तीस वर्षं हॉस्पिटलात डॉक्टर होत्या, आता निवृत्त आहेत. अनीस त्यांच्याकडे टीव्ही जोडायला म्हणून गेला आणि नंतर दर रविवारी जेवायलाच जायला लागला. त्या कंपनीतला माणूस सूट घालून बसला होता. फार हळू बोलायचा. त्याने पेट्यांचं पुस्तक पुढे केलं, आतल्या कापडाचे रंग दाखवले. चेहरा उन्हाने भाजला आहे पण आम्ही तो असा करून देऊ की झोपल्यासारखा वाटेल, असं म्हणाला. कुठला सूट घालायचा ते विचारलं. मावशी इंग्रजीत म्हणाल्या, "रंग नको, सूट नको, औषध नको. याचे लोक याला आंघोळ घालतील." मग बाहेर गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "हे बघ राजा, तपासणी झालेलं शरीर बघवत नाही. मला सवय आहे, तुला नाही. तुला जमेल का?" मी म्हटलं, जमेल. पुढच्या सिग्नलला त्यांनी पुन्हा विचारलं. मशिदीच्या दारात सोडताना तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा मी जमेल म्हणालो.

मशिदीत गुस्लचं काम अब्दुल करीम नावाचा एक म्हातारा बघतो. काळा अमेरिकन, शाळेची बस चालवायचा, चाळिशीत मुसलमान झाला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. जुम्म्याला गुडघ्याखाली येणारी अर्धी चड्डी घालून यायचा, हातपाय धुवायच्या वुजूच्या जागेवर जोक सांगायचा, दोन बायकांनी त्याला सोडलं होतं आणि तेही तो हसत सांगायचा. मी त्याला दोन वर्षं टाळलं. याला दीन-धर्म काय कळतो, असं मी अनीसला म्हणायचो. अनीसचं त्याच्याशी छान जमायचं. अनीसने त्याला 'काय चाललंय' म्हणायला शिकवलं होतं. तो दर शुक्रवारी मला 'काय चाललंय, सन?' म्हणायचा, म्हणजे बेटा, आणि मी सलाम करून पुढे व्हायचो.

दफनाचं तुला सांगितलंच आहे. बुधवारी सकाळी झालं. वाळवंटाच्या कडेला कबरस्तान आहे, त्यातला एक कोपरा आपल्या लोकांचा. जमीन इतकी कडक की खड्डा यंत्राने खणतात. आम्ही तीन तीन मुठी माती टाकली, बाकीची यंत्राने लोटली. यंत्रावरचा माणूस कानात गाणी लावून बसला होता, आमची दुआ संपायची वाट बघत. कबरीवर उभा दगड चालत नाही. गवत कापायचं यंत्र अडू नये म्हणून पाटी जमिनीबरोबर बसवतात. तुला पाठवलेल्या फोटोत पाटी नाही, कारण ती अजून आलेली नाही. आली की पाठवीन.

आता जे राहिलं ते सांगतो, आपा. मी अनीसला गुस्ल दिला नाही. खोलीत स्टीलचं टेबल होतं, भिंतीला पाण्याची नळी होती. अब्दुल करीम होता आणि सोमालियाचा एक टॅक्सीवाला होता. मी हातमोजे घातले, बिस्मिल्ला म्हटलं आणि अनीसच्या पायांवर पहिला तांब्या ओतला. मग अब्दुल करीमने खांद्यावरची चादर थोडी सरकवली. काय दिसलं ते तुला लिहिणार नाही. मला किळस आली. मी बराच वेळ दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. ज्याच्याबरोबर मी लहानपणापासून एका ताटात जेवलो त्याला हात लावायची मला किळस आली. तांब्या तिथेच ठेवून मी बाहेर गेलो, पार्किंगमध्ये ओकलो आणि भिंतीला टेकून बसलो. खोलीची वरची खिडकी उघडी होती. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि अब्दुल करीम अनीसशी बोलत होता. "ईझी, सन. आता तुला कुशीवर वळवतो हां. आय गॉट यू." जिवंत माणसाला सांगावं तसं, प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी. तासाभराने तो बाहेर आला, माझ्याशेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, तुझा मित्र स्वच्छ झाला, कफन नेसला, तयार आहे. मी का पळालो ते त्याने विचारलं नाही. तो आत गेला आणि तुझा फोन आला. तू विचारलंस, "झाला? तूच दिलास ना?" मी हो म्हटलं, आणि तू रडायला लागलीस म्हणून पुढे सगळं सांगत गेलो, उजवी बाजू आधी, बोरीची पानं घातलेलं पाणी, शेवटी कापूर. ते खरंच तसं झालं होतं. फक्त हात माझे नव्हते. तू मागितलेली एकच गोष्ट मी केली नाही आणि केली म्हणून सांगितलं. दाभोळच्या मशिदीत इतक्या माणसांनी हात उचलून त्या खोट्यावर आमीन म्हणू नये, म्हणून हे पत्र. माझं नाव घेऊ नकोस. अम्माला मी उद्या स्वतः फोन करून सांगतो. तुला यापुढे माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर त्याला मी काही म्हणणार नाही. दुआ अब्दुल करीमसाठी मागायला सांग. मौलाना वडिलांचं नाव विचारतात, म्हणून आज दुपारी त्याला फोन करून विचारून घेतलं. कशाला हवंय म्हणाला. कोकणातल्या एका गावात तुझ्यासाठी दुआ होणार आहे असं सांगितल्यावर त्याने गावाचं स्पेलिंग लिहून घेतलं. वडिलांचं नाव अर्ल. मौलानांना उच्चार जमला नाही तर नुसतं अब्दुल करीम म्हटलं तरी चालेल. साडेचार झालेत. आता पानांचे फोटो काढून तुला पाठवतो, फोन बंद करतो, आणि वाटीभर तांदूळ धुवून भात लावतो.

तुझाच,
मुबीन